आमिष सगळ्यात शेवटी: कोकणातल्या उपसागरात कयाकवरून जिवंत आमिषाची मासेमारी

बडोद्याहून आम्ही चार-पाच जण दर हिवाळ्यात कोकणात गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला, जातो. दर वर्षी एखादा नवा गडी सोबत येतो आणि तीच चूक करतो. किनाऱ्यावर पोचला की आधी आमिष मिळवतो. मग कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, उतरवतो, मग रॉड जोडतो, मग लाइफ जॅकेटचा पट्टा शोधत बसतो. तास-दीड तासानं तो पाण्यात शिरतो तेव्हा बादलीतली निम्मी कोळंबी पांढरट पडलेली असते. मग दिवसभर म्हणतो, "इथे मासाच नाही."

मासा असतो. आमिष मेलेलं असतं. या पद्धतीत चुकतो तो बहुतेक वेळा क्रम, म्हणून हा लेख क्रमानंच वाचा. पोहता येत नसेल तर इथेच थांबा आणि आधी पोहायला शिका.

१. घरून निघण्याआधी: जागा आणि तिथी

नकाशावर बडोद्याला खंभातचं आखात जवळ दिसतं. तिकडे कयाक नेऊ नका. उधाणाला तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, पाणी नदीसारखं धावतं आणि ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. आपल्याला हवा तो तीन बाजूंनी डोंगराचा आडोसा असलेला, वाळूचा उतार असलेला छोटा उपसागर. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशा जागा पुष्कळ आहेत. मालवणला जाणार असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याची हद्द आधी विचारून घ्या.

हंगाम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्याचं नावच काढू नका.

आता दिवस निवडू. भिंतीवरचं पंचांग काढा. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा तीनच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सातच्या सुमारास उजाडतं आणि अंधारात आपण पाण्यात जात नाही. म्हणजे भरती साधारण आठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होणारे दिवस हवेत. हिशेब एकादशी, द्वादशी, त्रयोदशीवर येतो. अष्टमीनंतरच्या भांगाचं, म्हणजे मंद भरती-ओहोटीचं, पाणी तेव्हा हळूहळू जोर धरत असतं, पण उधाणाची ओढ अजून आलेली नसते. एकादशीला मासा लागला आणि घरात उपास असला तर द्वादशीपर्यंत बर्फात ठेवा, त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

या हिशेबात तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या बंदराचा भरतीचा तक्ता आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज, दोन्ही बघाच.

२. बडोद्यातच रंगीत तालीम

कयाक विकत घ्या नाहीतर भाड्यानं, पण वर उघडी, बसण्याची खाच असलेलीच घ्या. उलटली तर तिच्यात पाणी भरत नाही. हवा भरायची कयाक सोयीची खरी, पण खडकाळ किनाऱ्यावर गळ आणि माशाच्या काट्यांसोबत मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कयाक जमिनीवर ठेवा, सगळं सामान लावा आणि आत बसा. वॉचमन हसेल, शेजारचे काका "भाई, दरियो क्यां छे?" विचारतील, विचारू द्या. बसल्या जागेवरून, मागे न वळता, या पाच गोष्टींना हात पोचला पाहिजे: वल्हं, रॉड, आमिषाची बादली, सुरी, जाळीचा झेला. ज्या वस्तूसाठी कंबर वळवावी लागते ती समुद्रात तुम्हाला पाण्यात पाडते.

दुसरी तालीम पाण्यातली. परवानगी घेऊन एखाद्या जलतरण तलावात कयाक मुद्दाम उलटवा. उलटी झालेली कयाक सरळ करा, मधोमध हात पलीकडच्या कडेवर टाका, पाय जोरात मारत पोट वर चढवा, मग पाठीवर वळा आणि शेवटी बसा. लाइफ जॅकेट घालून हे तीन वेळा सलग जमलं पाहिजे. विश्वामित्रीत किंवा आजव्याला हा प्रयोग करायला जाऊ नका. दोन्हीकडे मगरी आहेत आणि त्यांना तालमीची गरज नाही.

तपासा: तिन्ही वेळा वर चढताना लाइफ जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं का? सरकलं असेल तर पट्टे ढिले आहेत किंवा माप चुकलंय.

३. सामान: थोडं आणि नेमकं

रॉड साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा. त्याहून लांब रॉड बसून वापरताना मासा कयाकजवळ आणणं जड जातं. रीळ ४००० मापाचं, त्यावर २० ते ३० पाउंडाची वेणीची दोरी. पुढे हातभर जाड तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी), ४० पाउंडाचा. खडकावर घासतो तो हाच तुकडा.

गळ गोल वळणाचा, म्हणजे सर्कल हुक, घ्या. बोटभर कोळंबीला १/० आणि वीतभराच्या आतल्या बोइटाला (आमिषाचा छोटा मासा) ३/० ते ५/०. मोठं माप घेतलं की मोठा मासा लागतो हा गैरसमज आहे. जड गळाखाली आमिष पोहतच नाही.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणावर सुटायची ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, घरीच काट्यावर लावा. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला दोरी सुटायला लागली पाहिजे. २० पाउंडाची दोरी म्हणजे साधारण नऊ किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास. कयाकवर मी याहूनही थोडा सैल ठेवतो, कारण मासा ओढतो तेव्हा कयाकच त्याच्यामागे सरकते.

बादली दहा-बारा लिटरची, घट्ट झाकणाची. झाकणाला हात जाईल एवढं भोक. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि दगडी फुगा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. वीस लिटरची बादली घेऊ नका. पाणीच वीस किलो भरतं आणि लाटेवर ते एका बाजूला धावलं की तुम्हीही त्याच्यासोबत जाता.

बाकीचं: प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी, फोनसाठी पाणबंद पिशवी, वल्ह्याची दोरी, बोथट टोकाची सुरी, पक्कड, दीड किलोचा घडीचा नांगर, पिण्याचं पाणी. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक साठवून ठेवा.

४. प्रवास

गाडीनं रत्नागिरी साडेसातशे किलोमीटरच्या घरात पडतं. एका दमात करू नका, दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात जायचंय. कयाक टपावर पालथी टाका, न ताणणाऱ्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळा आणि पुढचं टोक बॉनेटखाली वेगळं बांधा. रबरी दोऱ्या वापरू नका. भरूचच्या आधीच एकदा थांबून पट्टे तपासा, कारण सुरुवातीच्या तासाभरातच ते सैल पडतात. भाड्याची कयाक तिकडेच मिळणार असेल तर रेल्वेचा विचार करा. बडोद्याहून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या रत्नागिरीला थांबतात.

५. आदली संध्याकाळ: आमिष नाही, माहिती

संध्याकाळी मच्छीमार वाडीत जा. जाळी कुठे लागलेली असतात, पाण्याखाली खडक कुठे आहेत, होड्यांची वाट कुठली, हे विचारा. "काका, उद्या सकाळी पाग टाकायला जाणार का? आम्हाला थोडं जिवंत आमिष हवंय," एवढं सांगून ठेवलं की पुढचं निम्मं काम होतं. पैसे तेव्हाच ठरवा. पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, दिसायला सोपी, टाकायला कठीण. पहिल्या सहलीत स्वतः टाकायचा हट्ट धरू नका.

आमच्यातल्या एकानं एका वर्षी संध्याकाळीच कोळंबी घेतली आणि लॉजच्या न्हाणीघरात नळाच्या पाण्यात ठेवली. गोडं पाणी, त्यात क्लोरीन. पहाटे बादलीत एकही जिवंत नव्हती आणि लॉजच्या मालकानं वासाचा विषय काढला तो वेगळाच.

६. पहाट: किनाऱ्यावरचा क्रम

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. पुढचा क्रम मोडू नका.

आधी कयाक पाण्याच्या रेषेजवळ. मग सगळं सामान जागेवर आणि बांधलेलं. मग रॉड जोडून, दोरी ओवून, गळ बांधून, गळाचं टोक कड्यात अडकवून ठेवलेलं. मग लाइफ जॅकेट अंगावर. मग समुद्राकडे तोंड करून पाच मिनिटं शांत उभं राहणं: वारा कुठला, लाटांच्या झुंडीमध्ये मोकळा वेळ किती, दोन कायमच्या खुणा कुठल्या. एखादं देऊळ आणि एखादा माड निवडा. ते दोन एका रेषेत दिसतात तोवर तुम्ही सरळ बाहेर आहात. रेष मोडली की प्रवाह तुम्हाला बाजूला नेतोय.

हे सगळं झालं की आमिष.

बादलीत पाणी त्याच समुद्राचं, निम्म्याहून थोडं जास्त. पंप आधी चालू, आमिष नंतर. दहा लिटरला बोटाएवढी सहा-सात बोइटं पुरतात, कोळंबी असेल तर पंधरापर्यंत. जास्त भरलेली बादली तासाभरात सगळीच मारते. हाताला सनस्क्रीन किंवा तंबाखू लागलेली असेल तर बादलीत हात घालू नका. वाळूनं घासून खाऱ्या पाण्यात धुवा.

तपासा: चांगलं बोईट बादलीच्या तळाशी, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतं. पृष्ठभागावर तोंड उघडंमिट करणारं किंवा कुशीवर कलणारं आत्ताच बाहेर काढा. ते तासभर टिकणार नाही आणि बाकीच्यांनाही खराब करेल.

७. बाहेर जाणं

एकटं जाऊ नका, किमान दोन कयाक हव्यात. लाटांची झुंड संपली की सरळ आत घुसा, तिरकं नाही. रॉड या वेळी आडवा आणि बांधलेला असावा.

सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा पाठीवर येतो आणि फार बरा वाटतो. तो तुम्हाला बाहेर ढकलत असतो. वल्हं न मारता कयाक चाललीये म्हणून खूश होणाऱ्याला परतीच्या वेळी दंड भरावा लागतो. उपसागराच्या दोन टोकांना जोडणारी काल्पनिक रेष हीच तुमची हद्द. तिच्या बाहेर काय लागतं हा विचार होडीवाल्यांनी करावा.

जागा कुठली? खडक संपून वाळू सुरू होते ती किनार, खाडीचं तोंड, किंवा पाण्याचा रंग बदलतो ती रेष. खडकाजवळ तांबोशी आणि गोबरा, खाडीच्या तोंडाशी खजुरा, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात.

८. नांगर

इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिल्या वर्षी हाताशी म्हणून नांगराची दोरी मी सीटशेजारच्या कडीला बांधली. भरतीचं पाणी कयाकच्या कुशीवर आदळायला लागलं, दोरी ताणली आणि ज्या बाजूला दोरी ती बाजू खाली जायला लागली. सोडवायला वाकलो, तिथेच उलटलो. रॉड तळाला गेला तो गेलाच.

नांगर नेहमी नाकाला किंवा शेपटीला, मधोमध कधीच नाही. त्यासाठी कयाकच्या कडेनं फिरणारी कप्पीवरची दोरी लावून घ्या, म्हणजे बसल्या जागेवरून नांगराचा ताण टोकाकडे सरकवता येतो. दोरी खोलीच्या पाचपट तरी सोडा. तीन मीटर पाण्याला पंधरा मीटर. दोरीच्या शेवटाला लहान बोया बांधा आणि गाठ एका झटक्यात सुटणारी ठेवा. मोठा मासा लागला की दोरी सोडून द्यायची, बोया तरंगत राहतो, मग येऊन उचलायचा.

सावधान: नांगर टाकल्यावर नाकापुढे पाणी फेसाळत असेल तर प्रवाह जास्त आहे. नांगर काढा आणि वाहत्या कयाकवरूनच गरवा.

९. आमिष गळाला लावणं

कयाक थांबली, रॉड तयार, दोरी मोकळी. आता बादलीत हात घाला. हात आधी ओला करा, कोरड्या हाताला बोइटाची बुळबुळीत साय निघून येते आणि ती निघाली की ते लवकर मरतं. मूठ आवळू नका, तळहातात आडवं धरा. डोळे बोटानं झाकले की बहुतेक वेळा ते शांत पडतं.

प्रवाह असेल किंवा कयाक वाहत असेल तर गळ वरच्या ओठातून, खालून वर. पाणी थबकलेलं असेल तर पाठीवरच्या पराच्या मागे, वरवरच्या कातडीतून. कण्याला लागला तर बोईट तिथेच संपतं. कोळंबीला डोक्यावरच्या करवती काट्याखाली, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. गळाचं टोक पूर्ण उघडं राहू द्या. आमिषात लपवलेला सर्कल हुक माशाच्या तोंडात फिरतच नाही.

हे सगळं दहा सेकंदांत व्हायला हवं. घरी वाटाण्याच्या शेंगेवर सराव करा, मी गंमत करत नाहीये.

फेकू नका. जिवंत आमिष जोरात फेकलं की पाण्यावर आपटून अर्धमेलं होतं. कयाकशेजारी हळूच सोडा आणि प्रवाहाला नेऊ द्या, वीस-तीस मीटर पुरे. शक्यतो शिसं लावू नका. खाली जातच नसेल तेव्हाच पंधरा-वीस ग्रॅमचं सरकतं शिसं. एका माणसाचा एकच रॉड. दोन रॉडांचा गुंता सोडवताना समुद्राकडे पाठ होते.

१०. मासा लागला

आधी आमिष घाबरतं. रॉडच्या टोकाला भराभर थरथर जाणवते, ती त्याचीच. मग एक ओढ, आणि दोरी चालायला लागते. इथे सगळे जण झटका मारतात. मारू नका. साध्या गळाची ती सवय आहे. सर्कल हुक झटक्यानं तोंडातून सरळ बाहेर येतो. तीन आकडे मोजा, रीळ बंद करा, दोरी ताणेपर्यंत सावकाश गुंडाळा आणि रॉड उचला. गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो.

रॉड शक्यतो कयाकच्या नाकाच्या दिशेनं ठेवा. मासा बाजूला धावला तर कयाकला त्याच्याकडे वळू द्या. नियम एवढाच, की तुमचं नाक कयाकच्या कडेबाहेर जाता कामा नये. झेला पाण्यात आधी धरा आणि मासा डोक्याकडून त्यात आणा.

प्रत्येक मासा कयाकवर घेण्याजोगा नसतो. शेंगाळ्याच्या परांचे काटे विषारी असतात. तो झेल्यातच ठेवून पक्कडीनं सोडवा. केंड, म्हणजे फुगणारा मासा, खाऊ नका, विषारी आहे, आणि त्याच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही. पाकट किंवा समुद्री साप आला तर दोरी कापा. दहा रुपयांचा गळ जाईल, जाऊ द्या.

महाराष्ट्रात बऱ्याच जातींना पकडण्याचा किमान आकार ठरवून दिलेला आहे. लहान मासा ओल्या हातानं सोडवून परत सोडा. ठेवायचा तो लगेच मारा, कल्ल्याशी कापून रक्त काढा आणि बर्फात घाला.

तपासा: दर वीस मिनिटांनी बादलीतलं निम्मं पाणी बदला आणि देऊळ-माडाची रेष बघा. दोन्ही एकाच वेळी करायची सवय लावली की एकही विसरत नाही.

११. परत

भरती पूर्ण झाल्यावर पहिला तास चांगला असतो. त्यानंतर ओहोटीची ओढ वाढते आणि मतलई वारा अजून असेल तर दोघं मिळून बाहेर खेचतात. अकराच्या पुढे समुद्रावरून येणारा खारा वारा उठला की उपसागरात पांढऱ्या लाटा दिसायला लागतात. म्हणून मासा लागत असो वा नसो, भरतीनंतर तासाभरात नाक किनाऱ्याकडे.

लाटांच्या पट्ट्यात शिरण्याआधी उरलेलं आमिष तिथेच सोडा आणि बादली रिकामी करा. दहा किलो डोलतं पाणी घेऊन लाटेवर चढलेली कयाक आडवी होते, आणि आडवी झालेली कयाक वाळूवर तुम्हाला खाली घेऊनच उलटते. रॉड आडवा बांधा, झुंड जाऊ द्या, शेवटच्या लाटेच्या पाठीवरून सरळ आत या. गुडघाभर पाण्यात समुद्राच्या बाजूला उतरा, किनाऱ्याच्या बाजूला कधीच नाही.

वाडीतल्या काकांना पैसे द्या आणि काय लागलं ते सांगा. पुढच्या वर्षी त्यांनाच फोन करायचाय.

रीळ, पक्कड, नांगर गोड्या पाण्यानं धुवा, पण रिळावर नळाची जोरदार धार मारू नका, मीठ आत जातं. मासा पोट साफ करून बर्फात, आणि वितळलेलं पाणी वाटेत दोनदा तरी काढून टाका. बडोद्याला पोचल्यावर पंपाची नळी आणि दगडी फुगा रात्रभर गोड्या पाण्यात भिजत ठेवा, आठवड्यानं एकदा चालू करून बघा. बुडबुडे एकाच बाजूनं येत असतील तर फुगा बदला, वीस-तीस रुपयांत नवा मिळतो.